'कारिस' हे नाव किती जुने? एका वेल्श नावाचा अर्थ आणि उगम

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण दोघे मूळचे पुण्याचे, सध्या कार्डिफमध्ये राहता, घरात नुकतीच मुलगी झाली आहे आणि तिचा जन्म वेल्समध्ये झाला म्हणून रोमन लिपीत सी-ए-आर-वाय-एस असे लिहिले जाणारे वेल्श नाव तिला ठेवावे, असे आपल्या मनात आहे. अडचण अर्थाची आहे. एका संकेतस्थळावर ते प्राचीन केल्टिक प्रेमदेवतेचे नाव म्हणून दिले आहे, दुसऱ्यावर ते ग्रीक असून त्याचा अर्थ 'कृपा' असल्याचे म्हटले आहे, एका परिचिताने ते संस्कृत 'चारु'पासून निघाल्याचे ठासून सांगितले आहे आणि आपल्या वेल्श शेजारीणबाईंच्या मते ते त्यांच्या आजीच्या काळात 'बनवलेले' नाव आहे. मुलीच्या आजोबांना बारशाच्या आधी नावाचा अर्थ आणि उगम नेमका समजायला हवा आहे. शिवाय देवनागरीत ते 'कॅरिस' लिहावे की आणखी कसे, हेही आपण विचारले आहे.

व्यक्तिनामांची व्युत्पत्ती तपासणे हा माझा व्यवसाय आहे आणि वेल्श नावे त्यात वरचेवर येतात. अशा प्रश्नांत बहुतेक वेळा तीन वेगळ्या बाबी एकात एक मिसळलेल्या असतात: नावाचा अर्थ काय, ते नाव म्हणून केव्हापासून वापरात आहे, आणि ते ज्या धातूपासून बनले तो धातू किती जुना आहे. संकेतस्थळांवर या तिन्हींची एकच ओळ होते आणि मग शंभर वर्षांचे नाव सहजपणे दोन हजार वर्षांचे होऊन बसते. आपल्या बाबतीत शेजारीणबाई तथ्याच्या सर्वांत जवळ आहेत. मात्र 'बनवलेले' हा शब्द ऐकून आजोबांच्या मनात जे येईल, ते बहुधा बरोबर नसेल.

आधी उत्तर सांगतो आणि मग त्यामागची कारणे. कारिस हे विसाव्या शतकात रूढ झालेले, मुलींसाठीचे वेल्श नाव आहे. 'प्रेम करणे' या अर्थाच्या वेल्श क्रियापदाच्या 'कार' या धातूला 'इस' हा शेवट जोडून ते तयार झाले आहे. धातू अतिप्राचीन आहे, शेवट जुन्या नावांवरून उचललेला आहे आणि दोघांची जोडणी आधुनिक आहे. जुन्या वाड्याचे सागवान वापरून बांधलेल्या नव्या घरासारखे हे नाव आहे, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

आता धातूकडे पाहू, कारण या नावाचे खरे वैभव तिथे आहे. वेल्शमधले 'प्रेम करणे' हे क्रियापद लिहिताना शेवटी 'यू' हे अक्षर येते, पण वेल्शमध्ये त्या अक्षराचा उच्चार 'ई'च्या जवळ जातो, त्यामुळे कानाला ते 'कारी' असे ऐकू येते. प्रेम या अर्थाचे नाम 'कारियाद'. कार्डिफमध्ये राहताना हा शब्द आपल्या कानावरून नक्की गेला असेल, कारण वेल्समध्ये लहान मुलांना, नवऱ्याला किंवा बायकोला, एवढेच काय तर दुकानात आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकालाही प्रेमळपणे 'कारियाद' अशी हाक मारण्याची पद्धत आहे. 'कार' म्हणजे आप्त, नात्यातला माणूस. त्याचे अनेकवचन 'केराइन्त'. 'कारेदिग' म्हणजे दयाळू, मायाळू. आपुलकी, नाते, दया आणि प्रियाराधन एवढा सगळा मुलूख या एका धातूने व्यापलेला आहे. प्रियाराधन मुद्दाम लिहिले, कारण 'कारी' या क्रियापदाचा तोही एक रूढ अर्थ आहे. वेल्समध्ये तरुणाने लाकडाचा नक्षीदार चमचा स्वतः कोरून आवडत्या मुलीला देण्याची जुनी चाल होती आणि त्या चमच्याच्या वेल्श नावातही हेच क्रियापद आहे. आपल्या घरापासून जवळच, सेंट फॅगन्सच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात, १६६७ हे साल कोरलेला असा चमचा जपून ठेवला आहे. संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही. आजी-आजोबा नातीला पाहायला आले की त्यांना तिथे अवश्य न्यावे.

हाच धातू व्यक्तिनामांत किती मागे जातो, हेही पाहण्यासारखे आहे. रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरल्यावर त्याच्याशी वर्षानुवर्षे झुंजलेला एक सरदार होता. ब्रिगँटीज जमातीची राणी कार्टिमांडुआ हिने त्याला रोमनांच्या हवाली केले आणि इसवी सन ५१ च्या सुमारास त्याला कैदी म्हणून रोमला नेण्यात आले. इतिहासकार टॅसिटस त्याचे नाव काराटाकस असे देतो. हे 'काराटाकोस' या ब्रिटॉनिक, म्हणजे वेल्शच्या पूर्वज भाषेतल्या, नावाचे लॅटिन रूप असून त्याचा अर्थ 'प्रिय' किंवा 'ज्यावर प्रेम केले जाते तो' असा होतो. तेच नाव ध्वनिबदल होत होत वेल्शमध्ये 'काराडोग' झाले आणि आजही मुलांना ठेवले जाते. म्हणजे 'कार' धातूपासून माणसांची नावे ठेवण्याची प्रथा जवळजवळ दोन हजार वर्षांची असल्याचा लेखी पुरावा आहे. कारिस या विशिष्ट नावाला मात्र असा पुरावा नाही. संकेतस्थळांचा घोटाळा नेमका इथे होतो.

आता 'इस' या शेवटाकडे वळू. वेल्श व्याकरणात स्त्रीनामे बनवणारा 'इस' नावाचा नियमित प्रत्यय नाही. मग तो आला कुठून? याचे उत्तर काही लोकप्रिय नावांत आहे. ग्लॅडिस हे नाव मुंबई, वसई आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांतल्या मावश्या-आज्यांमुळे आपल्यालाही परके नाही. त्याचे मूळ वेल्श रूप 'ग्वलादिस' असून ते खरोखर प्राचीन आहे. ब्रिखान राजाची कन्या आणि संत काडोग यांची आई ग्वलादिस ही वेल्श संतपरंपरेत प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्लॅडिस हे रूप वेल्सच्या सीमा ओलांडून इंग्लंडभर पसरले. त्याच सुमारास 'दिलिस' हे नावही दिसू लागले. तो मुळात साधा वेल्श विशेषणशब्द असून त्याचा अर्थ 'अस्सल, खरा' असा आहे. आजही तो वेल्समध्ये सरकारी कागदांवर 'वैध' या अर्थाने छापलेला आढळतो, त्यामुळे तिथल्या दिलिस नावाच्या बायकांना आयुष्यभर कोटी ऐकावी लागते. या दोन नावांतले 'इस' व्युत्पत्तीच्या दृष्टीने एकमेकांचे कोणी लागत नाहीत, पण कानाला दोन्ही सारखेच लागतात. ऐकणाऱ्याला व्युत्पत्तीशी कर्तव्य नसते. 'इस'ने संपणारे नाव मुलीचे आणि वेल्श वाटते, एवढे त्याच्या कानाने टिपले. मग 'स्वच्छ, निर्मळ' अर्थाच्या शब्दावरून ग्लेनिस, 'स्वामी' अर्थाच्या जुन्या शब्दावरून नेरिस आणि प्रेमाच्या धातूवरून कारिस अशी नावे त्याच चालीवर तयार झाली. या नावांत 'इस'ला स्वतःचा अर्थ नाही. तो नावाला नावपण देतो, एवढेच.

म्हणून अर्थ सांगताना थोडी काळजी घ्यावी. कारिस म्हणजे 'प्रेम' असे जे सरसकट लिहिले जाते, ते ढोबळमानाने ठीक आहे, पण प्रेमासाठीचा शब्द 'कारियाद' आहे आणि 'प्रिय' या विशेषणासाठी वेल्शमध्ये वेगळाच शब्द वापरतात. कारिस हा शब्दकोशात सापडणारा शब्दच नाही. तो फक्त नाव म्हणून अस्तित्वात आहे. वेल्श भाषिकाला ते ऐकताच त्यात प्रेमाचा धातू ऐकू येतो, आणि तो त्याचा खरा अर्थ. आजोबांना एका शब्दात सांगायचे असेल, तर 'प्रीती' किंवा 'स्नेहा' या नावांच्या जवळचे नाव, असे सांगावे.

ते प्राचीन नाही हे कशावरून, असा प्रश्न आजोबा विचारतील, आणि विचारावाच. मी अशा नावांची तपासणी दोन बाजूंनी करतो: लेखी नोंदींच्या बाजूने आणि भाषेच्या घडणीच्या बाजूने. वेल्समधल्या मध्ययुगीन राजघराण्यांच्या वंशावळी, संतांच्या कुळांच्या याद्या आणि करवसुलीच्या नोंदी यांत स्त्रियांची पुष्कळ नावे टिकून आहेत. ग्वेनलियन, आङ्हाराद, नेस्त, ग्वलादिस ही त्यांत पुन्हा पुन्हा भेटतात. कारिस भेटत नाही. माबिनोगी या मध्ययुगीन वेल्श कथासंग्रहातही ते नाही. तिथल्या स्त्रिया ऱ्हिआनन, ब्रानवेन, ओलवेन, आरिआनऱ्होद अशा आहेत. पुढे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि १८३७ पासून सुरू झालेली सरकारी जन्मनोंदणी येते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या त्या नोंदींत मेरी, मार्गारेट, एलिझाबेथ, अॅन यांची इतकी गर्दी आहे की वेगळे वेल्श नाव शोधायला वेळ लागतो. कारिस नाव म्हणून रुळते ते विसाव्या शतकात.

भाषेच्या बाजूचा पुरावा मला व्यक्तिशः जास्त आवडतो, कारण तो नावाच्या पोटातच दडलेला आहे. वेल्शमध्ये एक जुना ध्वनिनियम आहे: पुढच्या अक्षरात 'इ'च्या जातीचा स्वर आला की मागचा 'आ' पुष्कळदा 'ए' होतो. 'आदार' म्हणजे पक्षी, अनेकवचनी. त्यातला एकच पक्षी सांगायचा झाला की तो 'आदेरिन' होतो. 'प्लान्त' म्हणजे मुले. एक मूल म्हणजे 'प्लेन्तिन'. आपल्या धातूचेही तसेच आहे: 'आप्त'चे अनेकवचन 'केराइन्त' वर दिलेच आहे आणि 'तू प्रेम करतोस' या अर्थाचे ग्रांथिक रूप 'केरी' असे होते. मग 'कार'ला 'इस' फार पूर्वी चिकटला असता, तर आज आपल्या हाती 'केरिस' असे रूप येण्याचा संभव अधिक होता. कारिसमधला 'आ' हललेला नाही, म्हणजे ही जोडणी तो नियम जिवंत असतानाची नसावी. एकटा हा पुरावा निर्णायक मानू नये, कारण जुन्या नावांतही अपवाद सापडतात. पण नोंदींतले मौन आणि हा स्वर एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा शंका राहत नाही. गंमत अशी की 'केरिस' असे नाव आज स्वतंत्रपणे प्रचारात आहे. कार्डिफमध्येच जन्मलेली गायिका केरिस मॅथ्यूज हिच्यामुळे ते ब्रिटनभर परिचित झाले. पण तेही प्राचीन नव्हे. ते कारिसचेच भावंड म्हणून वापरले जाते.

आता 'बनवलेले' या शब्दामागचा इतिहास, कारण तो समजल्यावाचून या नावाकडे नीट पाहता येत नाही. वेल्श लोकांत पूर्वी आडनावे नव्हती. अमक्याचा मुलगा तमका अशी वडिलांच्या नावाची साखळी चालत असे. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कायदेव्यवस्थेत सामील झाल्यावर इंग्रजी पद्धतीची स्थिर आडनावे हळूहळू रूढ झाली आणि बहुतेक आडनावे वडिलांच्या बाप्तिस्म्याच्या नावावरून पडली. 'आप ऱ्हिस', म्हणजे ऱ्हिसचा मुलगा, याचे प्राइस झाले. 'आप हावेल'चे पॉवेल झाले. आणि जॉनची मुले म्हणून निम्मा गाव जोन्स झाला. पुढे चॅपेलनिष्ठ प्रोटेस्टंट पंथांचा जोर वाढला तशी पाळण्यातली नावेही बायबलमधली किंवा सरळ इंग्रजी झाली. आडनावे मोजकी आणि नावेही मोजकी, असा दुहेरी पेच पडला. एका गावात एकाच नावाचे चार-पाच जॉन जोन्स असत आणि त्यांना धंद्यावरून किंवा घरावरून ओळखावे लागे.

एकोणिसाव्या शतकात उलटा प्रवाहही सुरू झाला. लेडी शार्लट गेस्ट यांनी केलेले माबिनोगीच्या कथांचे इंग्रजी भाषांतर १८३८ ते १८४९ या काळात प्रसिद्ध झाले आणि मध्ययुगीन नावे सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. आइस्टेदवोद या काव्य-संगीताच्या संमेलनांत कवी आणि गायक जुनी वेल्श नावे बिरुदासारखी धारण करू लागले. साउथ वेल्सच्या ज्या प्रचंड गायकवृंदाने १८७२ आणि १८७३ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधली स्पर्धा जिंकली, त्याचा संचालक ग्रिफिथ ऱ्हिस जोन्स आज ओळखला जातो तो 'काराडोग' या नावाने, आणि अॅबरडेर गावात त्याचा पुतळा उभा आहे. दुसऱ्या बाजूला शाळांमधून वेल्श भाषेची हेटाळणी चालू होती. १८४७ च्या सरकारी अहवालाने वेल्श भाषेला आणि वेल्श लोकांच्या नीतिमत्तेला जो दोष दिला, त्याची जखम पुढे पिढ्यान् पिढ्या राहिली. या दोन्हींच्या ताणातून विसाव्या शतकात एक पिढी अशी आली की जिने मुलांना जाणीवपूर्वक वेल्श नावे ठेवली. काहींनी कथांतली नावे उचलली. काहींनी भाषेतले साधे सुंदर शब्दच नावे केले: एइरा म्हणजे हिम, ग्वाउर म्हणजे पहाट, एनविस म्हणजे इंद्रधनुष्य. आणि काहींनी धातू व शेवट जोडून नवी नावे घडवली. कारिस या तिसऱ्या गटातले. मुलांमध्येही असेच झाले: 'कार'ला 'शुभ्र, धन्य' अर्थाचा शब्द जोडून कारविन हे नाव आले, जे रग्बीचे नामवंत प्रशिक्षक कारविन जेम्स आणि २००९ ते २०१८ या काळात वेल्सचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे सरकारप्रमुख, असलेले कारविन जोन्स यांच्यामुळे सर्वांच्या तोंडी बसले.

या नावांना वेल्समध्ये कोणी कमअस्सल मानत नाही. १९०१ च्या जनगणनेत वेल्समधली जवळजवळ निम्मी माणसे वेल्श बोलत होती. २०२१ मध्ये ते प्रमाण १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार माणसे, एवढे उरले. ज्या घरांतून भाषा गेली, त्या घरांतही मुलीचे नाव कारिस किंवा सेरेन ठेवले जाते, कारण भाषेशी उरलेला तो एक धागा असतो. स्वान्सीची अभिनेत्री कॅथरीन झीटा-जोन्स हिने २००३ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या मुलीचे नाव कारिस ठेवले, तेही याच भावनेने असावे, असे मला वाटते. त्यामुळे आजोबांना 'नाव नवे आहे' असे सांगायला काहीच हरकत नाही. आपल्याकडच्या किती मुलींची नावे आपल्या पणजीच्या पिढीत ऐकिवात होती, हा प्रश्न त्यांनाच विचारून पाहावा.

इतर दाव्यांचा निकाल त्यामानाने लवकर लागतो. कारिस नावाची केल्टिक देवता नाही. वेल्समध्ये प्रेमिकांची संत म्हणून जिला मान आहे ती द्विनवेन. तिचा दिवस २५ जानेवारीला पाळतात आणि अँगलसी बेटाजवळच्या लानद्विन इथे तिचे जुने स्थान आहे. 'प्रेम', 'वेल्श' आणि 'संत' हे तीन शब्द एकत्र आले की कोणीतरी नावांची अदलाबदल करतो, तसेच इथे झाले असावे. ग्रीक 'खारिस', म्हणजे कृपा किंवा लावण्य, हा पूर्णपणे वेगळा शब्द आहे. त्याचा आरंभ 'ख'ने होतो आणि त्याचे नाते संस्कृतमधल्या 'हर्यति' या क्रियापदाशी लागते, वेल्श 'कार'शी नाही. इंग्रजीत त्यावरून आलेले नाव वेगळ्या अक्षरांनी लिहितात, पण उच्चार जवळचे असल्याने सरमिसळ होते.

'चारु'च्या बाबतीत थोडे थांबावे लागेल. वेल्श, लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या आहेत, आणि हे जगापुढे ठळकपणे मांडले ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी; संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्याबरोबर केल्टिक भाषांचाही (वेल्श त्यांतलीच) उगम एकच असावा, असे त्या व्याख्यानात त्यांनी म्हटले होते. त्यांचे वडील, ज्यांनी १७०६ मध्ये वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी 'पाय' हे चिन्ह वापरले, ते वेल्समधल्या अँगलसीचे. तेव्हा आपल्या मुलीच्या आजोबांना हा दुवा रुचेल. लॅटिनमधला 'कारुस', म्हणजे प्रिय, हा वेल्श 'कार'चा सख्खा भाऊ आहे, आणि या दोघांच्या मागे असलेल्या 'इच्छिणे, आवडणे' अर्थाच्या मूळ धातूशी संस्कृत 'काम' हा शब्द जोडला जातो. 'चारु' आणि 'कारुस' यांचे साम्य कानाला ओढून घेते, पण त्यावर भिस्त ठेवू नये. आणि मुख्य म्हणजे चुलतभाऊ असणे वेगळे आणि मुलगा असणे वेगळे: वेल्श शब्द संस्कृतमधून निघालेला नाही, दोन्ही एका पूर्वजाकडून आले आहेत. संस्कृतशी निर्विवाद नाते असलेले वेल्श नाव हवे असेल, तर 'सेरेन' पाहावे. त्याचा अर्थ तारा, आणि तो शब्द संस्कृत 'तारा' व ऋग्वेदातल्या 'स्तृभिः' या रूपाच्या गोत्रातला आहे, यात वाद नाही.

आजोबांचा आग्रह प्राचीन नावाचाच असेल, तर याच धातूचे एक खरोखर जुने नाव उपलब्ध आहे: वर उल्लेखलेले आङ्हाराद. त्यातला 'आन' जोर देणारा उपसर्ग आहे आणि पुढे तोच 'कार', म्हणजे 'अतिशय प्रिय' असा अर्थ होतो. उत्तर वेल्समधल्या ग्वीनेदचा राजा ग्रिफिद आप कनान, ज्याचा मृत्यू ११३७ मध्ये झाला, त्याच्या राणीचे हे नाव होते. 'क'चा 'ङ्ह' कसा झाला, हे आपल्याला कार्डिफमध्येच पाहायला मिळेल: शहराचे वेल्श नाव 'काएर्दीद', स्वागताच्या फलकावर ते 'गाएर्दीद' होते आणि 'कार्डिफमध्ये' म्हणताना त्याचा आरंभ 'ङ्हाएर्दीद' असा अनुनासिक होतो. वेल्शमध्ये शब्दाचे पहिले व्यंजन असे बदलत असते. 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' या वाक्यातही 'कारी'चे 'गारी' होते. मात्र आधुनिक वेल्शमध्ये माणसांच्या नावांना हा बदल लावत नाहीत, त्यामुळे आपली कारिस सगळीकडे कारिसच राहील. आङ्हाराद हे नाव मला स्वतःला फार आवडते, पण वेल्सबाहेर त्याचे काय हाल होतात तेही ठाऊक आहे. आपण पुढे वेल्समध्येच राहणार असाल तर त्याचा विचार जरूर करावा. पुण्याला किंवा आणखी कुठे जाण्याची शक्यता असेल तर कारिस सोपे पडेल.

उच्चार आणि देवनागरी लेखन हे काही अंशी आपण कोणात वावरता यावर अवलंबून आहे. वेल्शमध्ये आघात उपान्त्य अक्षरावर असतो, म्हणून जोर 'का'वर येतो. 'सी' या अक्षराचा उच्चार नेहमी 'क'. 'र' जिभेने फडफडवलेला, आपल्या 'र'सारखाच. आणि शेवटचा स्वर साउथ वेल्समध्ये आपल्या ऱ्हस्व 'इ'सारखा. पहिला स्वर 'आ'च आहे, पण आखूड. मराठी लिपीत आखूड 'आ'साठी चिन्ह नाही. इंग्रजी बोलणारे 'कॅरिस' म्हणतात. माझे मत 'कारिस' लिहावे असे आहे, कारण 'कॅ' लिहिले की इंग्रजी उच्चार पक्का होतो; 'का' थोडा लांबला तरी स्वराची जात वेल्श राहते. 'करिस' मात्र लिहू नये. ते वाचताना जुन्या मराठी कवितेतल्या 'करिसी'ची आठवण होते आणि स्वरही चुकतो. मराठीत नाव चालवताना अडचण नाही: कारिसला, कारिसची, कारिसने. एक सावधगिरी मात्र सांगतो. दंतवैद्य ज्याला कॅरीज म्हणतात, म्हणजे दातांची कीड, त्या लॅटिन शब्दाचे रोमन स्पेलिंग या नावाच्या अगदी जवळचे आहे आणि संगणकाची दुरुस्ती-यंत्रणा नावाचे तसे रूपांतर करू शकते. 'कारिस' लिहिले आणि म्हटले की निदान मराठीत हा घोटाळा टळतो.

जन्मनोंदणीसाठी वेल्समध्ये जन्मापासून ४२ दिवसांची मुदत असते आणि ती इंग्रजी-वेल्श अशी द्विभाषिक करून घेता येते. तशी करून घ्यावी, असे मी सुचवेन. नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याला स्पेलिंग अक्षर-अक्षर करून सांगावे आणि सही करण्यापूर्वी 'आर'नंतर 'वाय'च आहे, 'आय' किंवा 'आय-ई' नाही, हे वाचून घ्यावे, कारण ग्रीक नावाचे, कारिसचे आणि दंतवैद्यांच्या शब्दाचे रोमन लेखन तिथेच एकमेकांपासून वेगळे होते.